दारावरचा ओढा

तिला सगळे शुद्धी म्हणत. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तिनं कँटीनच्या फळ्यावरचं 'गरम चाहा मीळेल' खडूनं दुरुस्त केलं आणि कँटीनवाल्याला वर दोन शब्द सुनावले. तेव्हापासून ती आधी शुद्धलेखन आणि मग शुद्धी. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट मनातून बरंच वाटे. एका कागदावर एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिलेली दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. काहींना चप्पल उलटी पडलेली खपत नाही, तसंच हे. त्यावर औषध नाही.

पर्यावरण धोरण हा तिचा विषय. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला सोळा आठवडे प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन काम करायचं असतं, म्हणजे पुस्तकातलं धोरण फायलीत कसं शिरतं ते कळावं. वर्गातले कोणी कचऱ्याकडे गेले, कोणी हवेकडे. शुद्धी आणि दाढी जलप्रवाह संरक्षण शाखेत आले. दाढी म्हणजे तिचा वर्गमित्र. दाढी सोडली तर याचं दुसरं काही वाढत नाही, असं त्याची सख्खी आईच म्हणायची. सोळा आठवड्यांनंतर दोघांतल्या एकाला तिथंच संशोधन सहायक म्हणून ठेवणार होते. जागा एकच होती, आणि ती शुद्धीला हवी होती.

नुसती हवी होती असं नाही. तिनं वडिलांना सांगूनही टाकलं होतं. वडिलांना हा विषयच पसंत नव्हता. "पर्यावरण म्हणजे करणार काय तू? झाडांना पाणी घालणार?" असं ते चारचौघांत विचारायचे आणि चारचौघे हसायचे. म्हणून एका रविवारी फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं, "जवळजवळ पक्कंच आहे, बाबा." पुढच्या रविवारपासून वडील 'कशी आहेस'च्या आधी 'पक्कं झालं का' विचारायला लागले.

शाखा तिसऱ्या मजल्यावर, एका लांबट खोलीत होती. भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांच्यावर दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे, आणि खोलीला काचेचं दार. दारावर बाहेरून 'ढकला' आणि आतून 'ओढा' अशी पाटी होती. तरी आतून जाणारा प्रत्येक माणूस आधी दार ढकलायचा, दार धाडकन चौकटीवर आपटायचं, आणि दारालगतच्या टेबलावरून मान वर न करता एक आवाज यायचा, "ओढा."

हे नकाशेकाका. शाखेचे आरेखक. आलेल्याला, गेलेल्याला, संचालकांनासुद्धा ते त्याच सुरात "ओढा" म्हणत. एकतीस वर्षं नोकरी झाली होती, दोन राहिली होती. मोठ्या उतरत्या टेबलावर ते अजून हातानं नकाशा काढत. संगणकावरचा नकाशा त्यांना बघवत नसे. त्यात पाण्याला वळणच नसतं म्हणायचे.

काकांच्या पलीकडे उपसंचालक मॅडम बसत. मॅडम कामाला वाघ, बोलायला तुटक. अर्ध्या वाक्यात काम सांगायच्या आणि उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यायचं. शुद्धीला हे फार आवडलं. आपल्याला समजतं, असं तिला वाटायचं.

पहिल्याच दिवशी दोघांच्या हातात एकेक पत्र पडलं. 'सदर प्रशिक्षणार्थी हे कार्यालयाचे कर्मचारी नाहीत.' त्यामुळे ओळखपत्र नाही, कपाटाची किल्ली नाही, आणि लिफ्टवालाही अडवणार. दाढीला त्याचं काही नव्हतं. शुद्धीच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काम करणार, मग मी कर्मचारी कशी नाही?

पाचव्या आठवड्यात मॅडमनी तिला बोलावलं. शहरातले आणि आसपासचे छोटे जलप्रवाह वाचवायला नवा नियम येणार होता. नियमाचा मजकूर विधी शाखेनं लिहून मोहोर मारून दिला होता, त्याला हात लावायचा नव्हता. त्याच्यासोबत जायची ती प्रस्तावना आणि प्रवाहांची अनुसूची, म्हणजे यादी. दोन्ही एकाच फाइलीत. यादीत दोनशे बारा नोंदी. यादी काकांच्या वहीवरून कोणीतरी कधीतरी टाइप केलेली. एकीकडे 'मी.', दुसरीकडे 'मीटर', तिसरीकडे 'मिटर'.

मॅडम म्हणाल्या, "हे सगळं एकसारखं कर. उद्या हवंय."

सगळं. शुद्धीला हा शब्द बरोबर ऐकू आला.

मीटर झाले, तारखा झाल्या, दिशा झाल्या. मग ती 'प्रकार' या रकान्याशी आली. तिथं कुठं 'ओढा', कुठं 'नाला'. तिनं वर-खाली पाहिलं. रुंदी सारखीच, लांबी सारखीच, दोन्हींतून पाणीच वाहतं. मग हे काय? एकच वस्तू दोन नावांनी.

आता हे तिला असं का वाटलं, तर त्याला मावशी कारण. शुद्धी शिकायला मावशीकडे राहायची. मावशीची रोपवाटिका होती, आणि रोपवाटिकेच्या मागून एक प्रवाह वाहायचा. पाणी स्वच्छ असलं, झारीत भरून रोपांना घालता आलं, की मावशी म्हणायची, "ओढ्याला पाणी छान आहे आज." वरच्या वस्तीतून पिशव्या आणि चपला वाहून आल्या की तीच मावशी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "या मेल्या नाल्याला एक दिवस सुख नाही." चार वर्षं शुद्धी हे ऐकत होती. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की लाडात ओढा, रागात नाला. आणि सरकारी कागदावर लाड कशाला?

तिनं संगणकाला सांगितलं, 'ओढा' दिसेल तिथं 'नाला' कर. मग 'ओढ्या' दिसेल तिथं 'नाल्या' कर. दोन बटणं. क्षणात यादी कशी इस्त्री केल्यासारखी दिसायला लागली. तिला इतकं समाधान वाटलं की तिनं ती उगाच दोनदा वर-खाली फिरवून पाहिली.

मॅडमनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "छान. स्वच्छ झालंय." मॅडमच्या तोंडून 'छान' निघालेलं त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं. दाढीनं लांबूनच हात जोडले.

नवव्या आठवड्यात मसुदा प्रसिद्ध झाला. लोकांना हरकती घ्यायला तीस दिवस होते. छापील प्रती आल्या तशी एक काकांच्या टेबलावर गेली. काकांनी चष्मा पुसला, अनुसूची उघडली, आणि शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत गेले. मग प्रत मिटून ठेवली. तेवढ्यात कोणीतरी बाहेर जाताना दार ढकललं, दार आपटलं. काका नेहमीसारखे "ओढा" म्हणाले नाहीत. पाटीकडे बघत म्हणाले, "चला, आपल्या कार्यालयात आता एवढा एकच ओढा उरला."

सगळे हसले. शुद्धीही हसली. तिला वाटलं, म्हातारबुवांचा नेहमीचा विनोद.

पुढच्या आठवड्यात काकांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारण 'घरगुती'. सहा आठवड्यांची मुदत. म्हणजे काकांचा शेवटचा दिवस आणि या दोघांचा शेवटचा दिवस एकच येत होता. दाढी म्हणाला, तिघांना मिळून एकच निरोप समारंभ, तेवढाच चहा वाचला. काकांचं घरगुती काय असावं, हे कोणी विचारलं नाही. शुद्धीच्याही मनात आलं नाही.

हरकती नोंदवायचं काम दोघांकडेच होतं. कामाची पद्धत साधी होती. हरकत आली की तिला क्रमांक द्यायचा, नाव, पत्ता, कारण लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात 'ग्राह्य' किंवा 'अग्राह्य' असा शेरा सुचवायचा. निनावी हरकत बाद. कारण नसलेली बाद. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मसुदा एकदा छापला की त्यातलं अक्षरही कार्यालयाला आपल्या मनानं बदलता येत नाही. मुदतीत हरकत आली आणि ती ग्राह्य ठरली, तरच बदल. नाहीतर जे छापलं तोच नियम.

तेराव्या आठवड्यातला बुधवार. मुदत शुक्रवारी पाचला संपणार होती आणि तोवर बावीस हरकती आल्या होत्या. बहुतेक डासांबद्दल. दाढी एका हरकतीला उत्तर शोधायला प्रस्तावना वाचत होता. प्रस्तावना वाचणारा तो बहुधा पृथ्वीतलावरचा पहिलाच माणूस असावा. वाचता वाचता तो खुर्चीत मागे रेलून हसायला लागला.

"शुद्धे, हे ऐक. 'निधी व मनुष्यबळ यांची नालाताण होत असतानाही...' नालाताण! ही काय भानगड आहे?"

शुद्धीनं मान वर केली. आधी तिला त्या बावळट टायपिस्टाचा राग आला. मग तो शब्द तिच्या डोक्यात उलटा फिरला. ओढाताण. ओढा. नाला. दोन बटणं.

"असेल टायपिंगची चूक," ती म्हणाली, आणि विधी शाखेचा मजकूर काढून बसली. हा मजकूर तिनं कधी नीट वाचलाच नव्हता, त्याला हात लावायचा नव्हता ना. कलम चार: अनुसूचीत 'ओढा' म्हणून नोंद असलेल्या प्रवाहाच्या दोन्ही काठांना तीस मीटरपर्यंत कोणतंही बांधकाम करता येणार नाही. कलम पाच: 'नाला' म्हणून नोंद असलेला प्रवाह आवश्यकतेनुसार बंदिस्त करता येईल किंवा त्यावर स्लॅब टाकता येईल.

तिनं जुनी फाइल उघडली आणि मोजलं. चौऱ्याहत्तर ओढे होते. तिनं एका दुपारी सगळे बुजवले होते. कायद्यात ओढा होता, त्याचं रक्षणही होतं, फक्त यादीत एकही उरला नव्हता.

संध्याकाळी घरी गेली तर मावशी कुंड्यांत माती भरत होती. "टेप घेऊन दोघं आले होते गं आज. मागचा नाला मोजला. म्हणे वर स्लॅब टाकून गाड्या लावायची सोय करणार. मी म्हटलं, तो ओढा आहे, तर म्हणाले, कागदावर नाला आहे मावशी." मावशीनं हात झटकले. "मी काही घाबरले नाही. म्हटलं, माझी भाचीच आहे त्या ऑफिसात."

शुद्धीला जेवण गेलं नाही. मावशीला काही सांगायचं धाडसही झालं नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही.

गुरुवारी सकाळी तिनं जिन्यात दाढीला गाठून सगळं सांगितलं. दाढी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं दाढी खाजवली आणि व्यवहाराची गोष्ट सांगितली. "सोप्पं आहे. मावशीच्या नावानं हरकत टाक. तिचा ओढा वाचेल, तुझं नाव कुठं येणार नाही."

"आणि बाकीचे त्र्याहत्तर?"

"त्यांच्या मावश्या त्यांचं बघतील."

शुद्धीला क्षणभर तसं करावंसं वाटलंही. खोटं कशाला बोला, चांगली दहा मिनिटं वाटलं. पण मावशी लिहिणार काय? तर आमचा ओढा आहे. पुरावा काय? आम्ही ओढा म्हणतो. मावशी तर नालाही म्हणते. सगळे चौऱ्याहत्तर परत आणायचे तर यादी मुळात काय होती आणि कशी बदलली, हे सांगणारा माणूस हवा होता. तो माणूस एकच होता आणि तो दाढीसमोर जिन्यात उभा होता.

मूळ नोंद काकांच्या वहीत होती. शुद्धी काकांच्या टेबलाशी गेली. काका पेन्सिलीला टोक करत होते.

"काका, यादीत ओढे कुठले आणि नाले कुठले, हे तुम्ही कशावरून ठरवलं होतं?"

काकांचा हात थांबला. "का? आता काय करायचंय?"

"सांगा ना."

काकांनी खणातून निळ्या पुठ्ठ्याची फुगलेली वही काढली. "तीन वर्षं लागली. सगळ्यांत कोरड्या महिन्यात जायचो, एकेका प्रवाहाच्या काठानं वरपर्यंत. पाण्यात हात घालायचा. मध्येच कुठंतरी गार लागलं की तिथं झरा. ज्याचं स्वतःचं पाणी आहे तो ओढा. जो दुसऱ्याचं वाहून नेतो तो नाला." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. प्रत्येक पानावर तारीख, प्रवाहाची वेडीवाकडी रेघ, आणि रेघेवर जिथं गार लागलं तिथं एक छोटं टिंब. "एकशे सतरा नंबरला तर गुडघा फुटला माझा."

एकशे सतरा म्हणजे मावशीच्या मागचा.

"काका, ते मी बदललं," शुद्धी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या एकसारखं कर. मला वाटलं, एकच शब्द आहे. मी सगळीकडे नाला केलं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. जणू एखादं गणित चुकीचं सोडवलंय आणि उत्तर मागच्या पानावर होतं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"तू केलंस?"

"हो."

"म्हणजे वरून नाही आलं?"

"वरून कुठून?"

काकांनी पेन्सिलीची सालपटं हातानं एका जागी गोळा केली. "मला वाटलं, वरून आलं. कोणाला तरी जागा मोकळ्या हव्या असणार, म्हणून एका फटक्यात सगळे ओढे काढले. मी म्हटलं, आपण कोण बोलणारे? आयुष्यभराचं काम विकलं यांनी, आता इथं बसून करायचं काय? म्हणून तो अर्ज टाकला."

शुद्धीला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही आणि काकांनीही तिला रडू नको म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी खणातून चहाचा कप पुसायचं फडकं काढून दिलं. तिनं त्यालाच नाक पुसलं.

हरकत लिहायला तिला गुरुवारची दुपार लागली. ते 'कर्मचारी नाहीत' पत्र तिनं पहिल्यांदा प्रेमानं वाचलं. कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही, पण ती कर्मचारी नव्हतीच. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'अनुसूची टाइप करताना मी 'ओढा' हा शब्द समजून न घेता सर्वत्र 'नाला' केला. कोणीही तसे सांगितले नव्हते. चौऱ्याहत्तर नोंदी चुकीच्या आहेत. आरेखकांच्या मूळ वहीच्या प्रती जोडल्या आहेत.' खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. नाव लिहिताना तिला जाणवलं, या कार्यालयात आपलं पूर्ण नाव पहिल्यांदाच कोणीतरी वाचणार.

शुक्रवारी सकाळी ती कागद घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. आपल्याच हरकतीला आपणच क्रमांक कसा देणार?

मॅडमनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी मीटरबद्दल म्हणत होते."

"आता कळलं, मॅडम."

"मी वाचायला हवं होतं." मॅडम खिडकीकडे वळल्या. "सहीला नेलं तेव्हा संचालक साहेब म्हणाले, 'ओढे काढले वाटतं?' मला वाटलं, साहेबांनाच काढायचे होते आणि ते खात्री करून घेतायत. मी 'हो सर' म्हटलं. आता वाटतं, ते फक्त विचारत होते."

म्हणजे साहेबांना वाटलं ओढे पाहणीतच वगळले गेले, मॅडमना वाटलं साहेबांनी काढले, काकांना वाटलं विकले. एकतीस वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या नोकऱ्या मूग गिळून बसल्या होत्या, आणि करणारी होती ती अनुस्वारांवर जीव टाकणारी एक पोरगी.

"हा कागद फाइलला लागेल," मॅडम म्हणाल्या. "निवड समिती फाइल बघते. त्या जागेचं मग मला काही बोलता येणार नाही. तुला कळतंय ना?"

"हो."

"पाचपर्यंत वेळ आहे. हवं तर विचार कर."

"विचार केलाय, मॅडम. नाहीतर मी कालच दिला नसता का, नुसता मावशीचा?" यातलं मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. हरकत क्रमांक तेवीस. शेवटच्या रकान्यात दाढीनं त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं, 'गाह्य'. शुद्धीनं ते पाहिलं, तिचा हात पेनाकडे गेला, आणि तिनं तो परत घेतला.

दोन आठवड्यांनी सुनावणीत हरकत मान्य झाली. जागा दाढीला मिळाली. तो तिला चुकवत फिरायला लागला तेव्हा तिनंच त्याला गाठून सांगितलं की ग्राह्यमध्ये र असतो, आता तरी शिक. तिच्या प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट'च्या जागी 'समाधानकारक' आलं. रविवारी वडिलांचा फोन आला.

"पक्कं झालं का?"

"नाही झालं, बाबा." आणि तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे एका शब्दापायी?"

"चौऱ्याहत्तर. ओढाताण धरली तर पंच्याहत्तर."

मग वडील म्हणाले, "बरं. तुझी तब्येत कशी आहे?" कित्येक आठवड्यांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

मावशीला तिनं आधीच सांगितलं होतं. मावशी ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडामुळे झालं म्हण की," आणि त्या दिवसापासून कितीही चपला वाहून आल्या तरी ती ओढाच म्हणते.

शेवटच्या दिवशी चार वाजता चहा झाला. मॅडम दोन वाक्यं बोलल्या, तीही अर्धी. काकांनी टेबल आवरलं. शुद्धीनं त्यांना एकटं बघून विचारलं, "काका, अर्ज आज पाचपर्यंत मागं घेता येतो. मी नियम वाचलाय. घ्या ना मागं. ओढे परत आलेत."

"ओढे आले," काका नकाशांची गुंडाळी बांधत म्हणाले. "ते तू आणलेस. चूक तुझी होती, तू हरकत घेतलीस, सही केलीस. मला एवढंच विचारायचं होतं की हे कोणी केलं. तीन शब्द. चौऱ्याहत्तर ओढे डोळ्यांदेखत जाताना बघितले आणि मी तीन शब्द विचारले नाहीत. विनोद केला." गाठ पक्की झाली का ते त्यांनी ओढून पाहिलं. "चुकून झालेलं दुरुस्त होतं गं. मी तर समजून उमजून गप्प बसलो. त्याला हरकत कोण घेणार?"

तिनं टेबलावर उरलेली पेन्सिल उचलून त्यांच्या खोक्यात ठेवली.

काकांनी निळी वही तिच्या हातात दिली. "छपाईला जायच्या आधी एकदा ताडून बघ." मग एका काखेत गुंडाळी, दुसऱ्या हातात खोकं घेऊन ते दाराशी गेले आणि थांबले. दोन्ही हात अडकलेले. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? लिहिलंय त्यावर काय करायचं ते."

तिनं दार ओढलं. काका गेले. दार सावकाश आपोआप लागलं.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. दाढी आवरून उभा होता, चल म्हणत होता. शुद्धीनं त्याला पुढं व्हायला सांगितलं, काकांच्या रिकाम्या टेबलावर दुरुस्त अनुसूची पसरली, शेजारी वही उघडली, आणि पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. जाताना दाढीनं दार ढकललं. ते धाडकन आपटलं.

"ओढा," शुद्धी मान वर न करता म्हणाली.